त्रेचाळीस इंच

२ मार्च, सोमवार
टीव्ही गेला. सोळा वर्षांची सेवा. बातम्यांत कुठला तरी पूल खचल्याचं सांगत होते, तेवढ्यात चित्र आक्रसत आक्रसत मधोमध एक ठिपका झालं आणि ठिपकाही विझला. बाबा बराच वेळ काळ्या काचेकडे बघत बसले. मग विचारलं, पुलावर कोणी होतं का? मी म्हटलं, उद्या पेपरात येईल. दोनदा ओरडून सांगावं लागलं. बाबांचे कान आता नावालाच आहेत. खालच्या पट्टीवरच्या बातम्या वाचतात, त्यावर भागतं.

निर्णय: नवा फ्लॅट टीव्ही. आठ दिवसांत. बजेट वीस हजार, वर एक छदाम नाही.

हिचं म्हणणं, रविवारी दुकानात जायचं, बरा दिसेल तो उचलायचा. ही नर्स आहे. तिच्याकडे सगळंच तातडीचं असतं. मी पंपांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं परचेसमध्ये आहे. तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय साधा वॉशर घेतलेला नाही.

४ मार्च, बुधवार. ऑफिस, ११.२०
तक्ता आखला. आडवी सात मॉडेलं, सगळी त्रेचाळीस इंची, उभे बावीस मुद्दे. एचडी, फुल एचडी, फोर के. फरक समजला. (पुन्हा वाचणे.)

मेहुण्याचा फोन. त्यांच्याकडे पंचावन्न इंची. निवेदिकेच्या नाकावरचा तीळसुद्धा दिसतो म्हणाला. मी म्हटलं, आम्हाला बातम्या बघायच्या असतात, तीळ नाही. चांगलं उत्तर. फोन ठेवल्यावर सुचलं, त्यामुळे मनातच दिलं.

८ मार्च, रविवार
पहिलं दुकान. भिंतभर चाळीस टीव्ही आणि चाळीसही टीव्हींवर एकच पोपट. सेल्समन टाय लावलेला. मी एकतीस प्रश्न लिहून नेले होते. नऊ झाले, तेव्हा टाय म्हणाला, सर, मी जेवून येतो. पावणेअकरा वाजले होते! या लोकांना कामाची शिस्त नाही.

रिकाम्या हाताने परतलो. कन्या म्हणाली, वाटलंच होतं. नववीतल्या मुलीला काय कळतं.

आठ दिवसांची मुदत उद्या संपते. मुदत अवास्तव होती. पंधरा दिवस.

११ मार्च, बुधवार
आज एक ठोस काम. त्रेचाळीस इंच नक्की काय असतं ते डोळ्यांना कळावं म्हणून पंपाच्या खोक्याचा पुठ्ठा आणला, फूटपट्टीने त्रेचाळीस इंच रुंद बरोबर कापला आणि भिंतीला चिकटवला. भव्य! खोलीच बदलली. सगळ्यांना समोर बसवून अंतर तपासलं. कन्येने विचारलं, चॅनेल बदलू का? दुर्लक्ष केलं. बाबा मात्र दहा मिनिटं शांतपणे पुठ्ठ्यासमोर बसले. पुठ्ठ्यावर ‘ही बाजू वर’ असं छापलंय, ते त्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं.

१५ मार्च, रविवार
दुसरं दुकान. पसंतीचं मॉडेल हजाराने उतरलंय. म्हणजे बाजार पडतोय. पडत्या बाजारात घाई करतो तो परचेसवाला नव्हे. थांबायचं.

ही म्हणाली, बाबांचा दिवस जात नाही. मी म्हटलं, दोन आठवडे थांबलो तर आणखी हजार वाचतील. ही ताटं उचलून आत गेली. पटलं असावं.

२० मार्च, शुक्रवार
टीव्ही नसण्याचे फायदे नोंदवले पाहिजेत. बाबा रोज संध्याकाळी सहाला फिरायला बाहेर पडतात आणि साडेआठला परततात. डॉक्टर पाच वर्षं चाला चाला म्हणून कानीकपाळी ओरडत होते, जमलं नव्हतं. मी उशीर करून जमवलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अडीच तास! चेहरा तरतरीत. चपला जराही झिजलेल्या नाहीत. चांगल्या कंपनीच्या आहेत.

२४ मार्च, मंगळवार
मॉडेल तीन हजारांनी चढलं. कारण कोणी सांगत नाही. दुपारी चार वेळा उठून पाणी प्यायलो. काय करावं? थांबावं तर आणखी चढेल, घ्यावा तर उद्याच उतरेल.

घरी विषय काढला. ही डबा घासत होती. पाठ न वळवता म्हणाली, तुम्ही टीव्ही निवडताय की जावई?

टोमणा. पण तुलना चुकीची नाही. दोन्हीकडे घाई वाईटच.

२७ मार्च, शुक्रवार. ऑफिस, ५.१०
बेअरिंगच्या कोटेशनांसोबत माझा टीव्हीचा तक्ता चुकून मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेला. पाच वाजता फाइल परत आली. बेअरिंगच्या तक्त्यावर एक शेरा. टीव्हीच्या तक्त्यावरही शेरा: ‘नंबर दोन घ्या. उशीर का?’ खाली सही, तारीख.

साहेब बघतसुद्धा नाहीत, नुसत्या सह्या ठोकतात, असं डिस्पॅचवाला म्हणाला. मला तसं वाटत नाही. बावीस मुद्दे बघून माणूस सही करतो तेव्हा विचार केलेला असतो.

मंजुरी मिळाली. आता मागे हटणं नाही.

२९ मार्च, रविवार
घेतला! नंबर दोन. त्रेचाळीस इंच. तेवीस हजार चारशे. बजेट ओलांडलं असं म्हणता येणार नाही. बजेट जुन्या भावांवर काढलेलं होतं. टायने माझे हात हातात घेऊन अभिनंदन केलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

रात्रीच्या जेवणाआधी भिंतीवर चढला. आणि फसवणूक! पुठ्ठा काढला त्या जागेत टीव्हीच्या दोन्ही बाजूंना भिंत दिसतेय. टेप लावली: साडेसदतीस इंच. साडेपाच इंच कुठे गेले? तडक दुकानात फोन. टाय म्हणाला, सर, टीव्ही आडवा मोजत नाहीत, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरका मोजतात. कन्या हसता हसता उठून आतल्या खोलीत गेली. तिथूनही ऐकू येत होतं.

तिरका मोजला. त्रेचाळीस. पावती खरी आहे. तरी तेविसावा मुद्दा लिहायला हवा होता.

३० मार्च, सोमवार
बाबांना बरोबर मधोमध खुर्ची दिली. अर्धा तास बघितलं. छान आहे, स्वच्छ दिसतं, म्हणाले. सहा वाजता चपला पायात घालू लागले. मी म्हटलं, आता टीव्ही आलाय, फिरायचं कशाला? बसले परत. नंतर टीव्हीपेक्षा घड्याळाकडे जास्त बघत होते.

१ एप्रिल, बुधवार
उघडकीस आलं. बाबा फिरायला जात नाहीत. महिनाभर तळमजल्यावरच्या टेलरकाकांकडे टीव्ही बघत होते. आजही गेले. हिला ठाऊक होतं. कन्येला ठाऊक होतं. दूधवाल्याला ठाऊक होतं. मला कोणी कळवलं नाही! ही म्हणाली, तुम्ही विचारलं कधी?

घरात फोर के असताना माणूस दुसऱ्याच्या दारात जातो. लोक काय म्हणतील? काहीतरी तांत्रिक कारण असणार.

३ एप्रिल, शुक्रवार
कारण सापडलं: आवाज. या चपट्या टीव्हींचे स्पीकर मागच्या बाजूला असतात. बाबांना हट्टाने बसवलं, निवेदिका बातम्या देत होती, आवाज साठावर नेला. वरच्या मजल्यावर कोणीतरी जमिनीवर काठी आपटली. तरी बाबांनी विचारलं, काय म्हणाली ती? मी म्हटलं, खाली लिहिलंय की. त्यांनी वाचलं. मग पुन्हा काही विचारलं नाही.

साउंडबार घ्यावा लागेल. तीन कोटेशनं मागवणे.

५ एप्रिल, रविवार. रात्री ९.००
बाबांना आणायला खाली गेलो. एकदाच स्पष्ट बोलून टाकावं म्हणून.

टेलरकाकांची एकच खोली. अर्ध्यात शिवणयंत्र, अर्ध्यात खाट. कपाटावर जुना खोक्यासारखा टीव्ही. चित्र हिरवट, डाव्या कडेला एक रेघ. पट्टीवरची अक्षरं वाचताच येत नाहीत. बाबा खाटेवर मांडी घालून, आणि टेलरकाका गळ्यात टेप अडकवून त्यांच्या उजव्या कानाला लागून. निवेदिका एक वाक्य बोलली की काका ते बाबांच्या कानात ओरडून सांगतात, वर पदरचं थोडं घालतात. कांदे महागले म्हणताच काका ओरडले, “कांदे चढले! आता रडायलाही पैसे पडणार!” बाबा हसले. मोठ्याने. हा आवाज मी विसरलोच होतो.

काकांनी मला बघितलं आणि बाबांच्या कानात ओरडले, “मुलगा आलाय न्यायला!”

“बसू दे त्याला,” बाबा म्हणाले. “आत्ताच सुरू झालंय.”

मी जवळ जाऊन सांगितलं, बाबा, आपल्याकडे किती स्वच्छ दिसतं. चारदा सांगितलं. चौथ्यांदा पोचलं.

“दिसतं ना,” ते म्हणाले. “पण तिथे सांगतं कोण?”

काका सरकले. बाबांच्या डाव्या बाजूला जागा झाली. बसलो. हवामान लागलं. काका दोरा ओवत होते, त्यांनी मला खुणेनेच म्हटलं, तू सांग. मी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, “उद्या ऊन!” बाबांनी मान डोलावली आणि विचारलं, “आणि परवा?”

साडेआठपर्यंत थांबलो. केवळ पिक्चर क्वालिटी तपासायला. अत्यंत सुमार आहे. पण एका बैठकीत नीट अंदाज येत नाही. उद्या पुन्हा जावं लागेल.