गांडुळं वर आणण्याची युक्ती

४ मार्च, सकाळ
बायको भावाकडे जाऊन आठवडा झाला. रुसवा आहे, उतरेल. आरोप काय, तर जेवताना मी तिच्याशी बोलत नाही. तोंडात घास असताना माणसाने बोलायचं कसं? आजपासून सीगलचा अभ्यास करणार. आमच्या बर्फाच्या फॅक्टरीतून बंदराचा धक्का समोरच दिसतो. मन गुंतवायचं, बास.

६ मार्च
पक्षी महा वस्ताद! सकाळी होड्यांमागे मासळी, दुपारी कचराकुंडी. एकाने माझ्या हातातला पाव पळवला. कुठेही टाका, जगतात. मीही तसाच. आज पुन्हा अंडी उकडली. मजेत आहे.

९ मार्च, दुपार
शोध लागला! फॅक्टरीच्या लॉनवर एक सीगल एकाच जागी थयथय नाचत होता. मला पाहूनच, खात्री होती. डोळे भरून आले. मग मोबाइलवर वाचलं: पायांनी पावसासारखी थडथड करतात, गांडुळं फसून वर येतात, हे गट्टम करतात. लबाड मेले! पण डोकं बघा.

११ मार्च
आपणही थडथड करायची. मेव्हण्याला फोन लावला, दोनदा खोकलो. म्हटलं, सडकून ताप आहे, पण तिला अजिबात सांगू नका. म्हणजे सांगणारच. उशीचे अभ्रे बदलले. ती आली की काय बोलायचं, त्याची तयारी चालू आहे. अजून काही सुचलेलं नाही.

१२ मार्च, सकाळ
आली नाही. बस चुकली असेल. पाव घेऊन जरा किनाऱ्यावर जाऊन येतो.

१२ मार्च, संध्याकाळ
ती आली. घराला कुलूप बघून शेजाऱ्यांना विचारलं, मग थेट किनाऱ्यावर. मी गुडघाभर पाण्यात पाव उडवत खिदळत होतो. तिच्या हातात औषधांची पिशवी, केससुद्धा विंचरलेले नव्हते. विचारलं, ताप? मी म्हटलं, उतरला. मग शांतपणे म्हणाली, यापुढे खरंच आजारी पडलात तरी मला कळवू नका. तिच्याकडची घराची किल्ली माझ्या ओल्या हातात ठेवून गेली. मला एक शब्द बोलता आला नाही. या वेळी तोंडात घासही नव्हता.

१४ मार्च
अंग फणफणलंय. तिची फार आठवण येते. ती परत हवी आहे, दुसरं काही नको. शेवटी मेव्हण्याला फोन केला. खोकल्यामुळे धड बोलता येईना. तो म्हणाला, वा भाऊजी, या वेळचा खोकला जास्त चांगला जमलाय. आणि फोन ठेवला.