सुमनने रंगवलेली भिंत

मंगळवार, संध्याकाळ

सुमन गेल्यानंतर आज पहिल्यांदा निमोण्याला तिच्या अंगणवाडीत गेलो, तेही पंचायतीच्या इमारतींच्या पाहणीसाठी. पाहणी येणार म्हटलं की गावोगाव घाईने चुना मारून भेगा झाकतात. इथंही तीन भिंती नुसत्या पांढऱ्या. चौथी मात्र तशीच, सुमनने मुलांसाठी काढलेल्या मोरासकट.

"बाईंच्या भिंतीला ब्रश लावायला हात धजला न्हाई," मदतनीस यमुनाबाई म्हणाल्या.

म्हणूनच भेग दिसली. मोराच्या मानेतून वर छतापर्यंत, बोट जाईल एवढी. स्लॅब ठोकला तर पोकळ आवाज.

सरपंच हळूच म्हणाले, "साहेब, दुरुस्ती लिहा की. पाडलं तर वहिनींचं काय राहतंय हितं?"

मलाही तेच हवं होतं. पण मुलं खिचडीची ताटं घेऊन बसली होती, बरोबर त्या मोराच्या मानेखाली. 'धोकादायक, वापर बंद' असं लिहिलं.

मुलांना लगेच देवळात हलवलं. यमुनाबाईंनी विचारलं, "भिंतीचा फोटो काढून पाठवू का?" मी नको म्हणालो. का म्हणालो? पाडतानाही तिथं मलाच उभं राहावं लागणार आहे, तेव्हा मोर शेवटचा डोळ्यांनीच बघेन.