बिचाऱ्याची झोप

४ फेब्रुवारी

फोटो काढला! हसरा, सरळ समोर बघणारा. आमच्या मालिकेत असा फोटो काढायला बोलावलं की समजायचं — लवकरच आपण चौकटीत, भिंतीवर. रंगभूषावाले दादा एरवी डोकं खातात. आज पावडर हळुवार, दोनदा लावली.

म्हणजे मालिकेतला माझा बिचारा मरणार.

५ फेब्रुवारी

भाजी घेताना एका मावशींनी हातच धरला. "अहो, त्या थोरल्या वहिनीच्या हातचा चहा घेऊ नका!" म्हटलं, नाही घेणार. माझं खरं नाव त्यांना कुठे ठाऊक? रस्त्यात कुणी "बिचारा!" म्हटलं की मीच चटकन वळतो.

काय काय सोसलं त्याने! ठरलेली लग्नं मोडली. भावाच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेला. स्मृती गेली, आणि परत आली ती नेमकी दुःखाचीच! तरी हा वेडा प्रत्येक वेळी दार उघडताना हसतो. मला नसतं जमलं. माझा जीव आहे त्याच्यावर, लपवायचं कशाला?

७ फेब्रुवारी

लेखिकाबाईंना गाठलं. "बाई, मरायच्या आधी एकदा तरी त्याला सुख द्या."

"सुखी झाला तर बघणार कोण त्याला?" मग वही पुढे ओढून, "काय हवंय?"

मनात त्याचं लग्न होतं, स्वतःचं दुकान होतं. तोंडातून निघालं, "झोप. इतक्या वर्षांत शांत झोपलाच नाही तो. डोळा लागला की फोन वाजतो."

बाई हसल्या नाहीत.

९ फेब्रुवारी

दुपारी सेटवर, त्याच्या खोलीत एकटाच पडलो होतो. खिडकीबाहेर कापडावर रंगवलेलं आभाळ. तिथे कायम कलतं ऊन. पंख्याने कापड हललं आणि ढग सरकला — खरंच सरकला! वाटलं, इथेच राहावं. घरी माझी वाट बघणारं कोण आहे? इथे आई तरी आहे.

११ फेब्रुवारी

उद्या.

१२ फेब्रुवारी

मेलो. आईच्या मांडीवर, झोपेतच — बाईंनी शब्द पाळला. आई म्हणजे मालिकेतली आई. पण कॅमेरा बंद असला तरी मला "बाळा"च म्हणतात. मांडीवर डोकं ठेवलं, त्यांनी केसांतून हात फिरवला... पुढचं आठवत नाही. खरोखरच झोप लागली! स्वप्नात तो ढग खिडकीतून आत आला आणि मांजरासारखा पायाशी येऊन बसला. किती हलकं वाटत होतं!

जागा झालो तर दिवे मालवलेले, सगळे जेवायला गेलेले. आई तशाच बसून.

"शॉट?"

"झाला की. तू मेलास, मी रडले. आता ऊठ बाळा, पायाला मुंग्या आल्यात."

२ मार्च

काल तो भाग दाखवला. मी नाही बघितला. फोन बंद. घराबाहेर पडलो नाही.

३ मार्च

लेखिकाबाई थेट दारात! "फोन का बंद? लोकांनी वाहिनीवाल्यांना भंडावून सोडलंय — बिचारा घोरतोय! मेलेला माणूस घोरतो का?" शेवटी वाहिनीवाल्यांनी हात टेकले, त्याला मारायचं नाही असं ठरलं. तो जिवंत आहे! मी दारातच रडलो.

म्हणाल्या, रडण्याच्या आवाजात घोरणं ऐकूही आलं नसतं. पण आई मध्येच एकदम रडायच्या थांबल्या. दिग्दर्शकाला वाटलं, काय अभिनय!

मी आईंना फोन लावला. का थांबलात?

"झोपमोड झाली असती ना तुझी."