साडेतीन हातांची लाकडं

तीर्थस्वरूप दाजी माणिकराव यांना रखमाजीचा दंडवत. शिरड शहापुरात तुमचे गुडघे आणि आमच्या अक्काचा स्वभाव, दोन्ही नरम पडले असतील अशी आशा आहे. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनला माझ्यापेक्षा जास्त कान आहेत, म्हणून कागद.

गेल्या महिन्यातल्या वादळात दारचा जुना कडुलिंब उन्मळून शेळ्यांच्या गोठ्यावर बसला. शेळ्या वाचल्या, पत्रे पापडासारखे वळले. (एक पत्रा शेजारच्या मुंजाजीच्या वावरात गेला. तो म्हणतो, वाऱ्यानं दिलेलं परत मागू नये.) आमच्या शिवहारनं वारंगा फाट्यावरून धर्मसिंगला मशीनची करवत घेऊन बोलावलं. पाला शेळ्यांनी संपवला, काटक्या सूनबाईनं गोळा केल्या. इथवर माझी तक्रार न्हाई. पण खोडाला करवत लावताना धर्मसिंगनं विचारलं, 'केवढे तुकडे पाडू?' तर आमचं पोरगं खाली बघून म्हणतं, 'साडेतीन हात.' दाजी, घरात गॅस आहे. चूल पेटते ती अंघोळीच्या पाण्याला, तिला हातभर लाकूड पुरतं. साडेतीन हातांचं कुठं लागतं, ते आपण दोघांनी खांदे देऊन पाहिलंय. वर मुंजाजी माझ्याकडं बघत बोलला, 'जुनं खोड हाय, धूर करणार न्हाई.'

मग गोठा उभा राहिला, तर शेळ्या बाहेर आणि लाकडं आत. वर ताडपत्री. काहून विचारलं तर शिवहार म्हणे, 'पावसाळ्यात कामाला येतील.' कोणाच्या, ते बोलला न्हाई. सूनबाई रागिणी भातावर न मागता तूप वाढून राहिली. शकुबाई रोज ताडपत्रीचं टोक दगडानं दाबून येते. (चाळीस वर्षांत माझ्या अंगावरचं पांघरूण तिनं इतकं नीट केलं न्हाई.) काल दुपारी सगळे वावरात गेल्यावर मी लाकडांशेजारी आडवा होऊन माप घेतलं. पाय वीतभर बाहेर. म्हणजे माझ्याच लिंबात माझ्यासाठी कंजूषी. तेवढ्यात रागिणी परत आली. 'मामा, तब्येत बराबर हाय ना?' म्हटलं, गारवा घेऊन राहिलो. रात्री तूप दुप्पट.

तरी तुम्ही सहज आल्यासारखे या आणि शिवहारला विचारा, लाकडं कोणासाठी. तुमच्याशी तो खोटं बोलणार न्हाई.

अजून तरी तुमचाच,
रखमाजी

ता. क. अक्काला सांगू नका. रडत येईल आणि महिनाभर राहील.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला शितं मागितली, तर शकुबाईनं पत्रच काढून वाचलं. म्हणाली, 'तुमचं नाव कोणी घेतलंय? माप मी दिलंय, माझ्या हातानं. माझी लाकडं हायेत ती. सासूबाईच्या येळेला वल्ल्या लाकडांपायी तुमी भर पावसात गावभर हिंडला. माझ्यापायी तशी तकलीफ नको.' एवढं बोलून पाणी तापवायला गेली.

दाजी, विचारायचं राहू द्या. ट्रॅक्टर घेऊनच या, पत्र मिळताच. तुम्हाला लाकडाची फार निकड आहे असं सांगा. सगळी न्या, ढलपीसुद्धा ठेवू नका. शेळ्यांना जागा न्हाई.