दुप्पट खोलीची फरशी

रविवार, ५ फेब्रुवारी १९५६

“रावेतकरांनो, तुमच्या वाचनालयाची अर्धी जमीन चोरीला गेली आहे!” — संध्याकाळी देवळापुढे इथूनच सुरुवात करायची. नमन-बिमन नको.

हिशेब सरळ आहे. जुनी खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद. तिला एक ब्रास शहाबादी फरशी लागली होती. नवी वीस बाय वीस. म्हणजे दुप्पट. म्हणून मी दोन ब्रास मागवली. ज्योतीराम गवंड्यानं चिंचवड स्टेशनावरून गाडीनं आणली, त्यानंच बसवली. आणि अर्धी खोली उघडी! मी विचारलं तर म्हणाला, आली तेवढी बसवली. वर माझ्याकडे असा बघत राहिला, जणू चूक माझीच!

घराघरातून पायली-पायली जोंधळा गोळा करून उभी केलेली खोली ही. सोडणार नाही.

पुरावा म्हणून सकाळी बैलाचा कासरा घेऊन दोन्ही खोल्यांच्या भिंतींच्या कडेनं फिरलो. जुनीला चाळीस फूट, नवीला ऐंशी. दुप्पट! सभेत हाच कासरा उलगडून दाखवणार.

सोमवार, ६ फेब्रुवारी

सभा जबरदस्त. कासरा एका टोकाला सोपानरावांनी धरला, दुसऱ्या टोकाला मी. आधी चाळीस फूट, मग ऐंशी. मग एकच गलका. ज्योतीराम मागं निंबाखाली उभा होता. एक शब्द बोलला नाही. चोराला शब्द कुठून सुचणार, असं मीच वरून म्हणालो. लोक हसले.

सोपानरावांनी त्यांच्या विहिरीचं बांधकाम तिथल्या तिथे त्याच्याकडून काढून घेतलं. आज आणखी दोघांनी.

बुधवार, ८ फेब्रुवारी

वाटेत ज्योतीराम. त्यानं रामराम केला नाही. मीही नाही.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

फरशी येईल तेव्हा येईल, तोवर उघडा भाग सारवून घ्यावा म्हणून सारजाबाईंना बोलावलं. फरशी बसण्याआधी जुनी खोली वर्षानुवर्षं त्याच सारवायच्या. तिला एक पाटी शेण लागे. नवी दुप्पट, तिची अर्धी उघडी — म्हणजे जुन्या खोलीएवढीच. म्हणून एक पाटी दिली.

तासाभरानं बाई दारात. पाटी रिकामी.

“अर्ध्यातलं अर्धं ऱ्हायलं की वो अण्णा. आनखी एक पाटी लागंल.”

क्षणभर मनात आलं — हिनंही चोरलं की काय! मग माझं मलाच हसू आलं. शेण कोण चोरतं? ते माझ्या डोळ्यांदेखत जमिनीवर गेलं होतं.

म्हटलं, बाई, जाड थर दिला असेल. तर म्हणाल्या, “चाळीस वर्सं सारवतीया. आता तुमी शिकवा मला.”

दुसरी पाटी दिली. बरोबर पुरली. म्हणजे उघड्या अर्ध्या भागाला दोन. अख्ख्या खोलीला चार. चार कशा? दुप्पट खोलीला दोन पाहिजेत. काही कळत नाही.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

सकाळपासून डोकं भणाणलंय. जगातल्या राज्यक्रांत्यांवर तीन-तीन तास बोलतो मी. आणि एका खोलीपुढे अडलोय.

लांबी दुप्पट — खरं. रुंदी दुप्पट — तेही खरं. कासरा दुप्पट — गावानं पाहिलं. मग जमीन चौपट कुठून आली? कुणी घातली ही जास्तीची जमीन?

अंगणात कोळशानं चौकोन काढला. जुनी खोली. तिच्या शेजारी तेवढाच दुसरा. झाली लांबी दुप्पट. पण रुंदी अजून तेवढीच! रुंदी वाढवायला खाली आणखी दोन चौकोन काढावे लागले. चार. पुसलं. परत काढलं. चार.

धोतर घेताना मी लांबीचे वार बघतो आणि रुंदीचा पन्हाही बघतो. दुप्पट पन्ह्याचं धोतर दुप्पट लांब मागितलं, तर दुकानदार चौपट कापड देईल की नाही? देईल. हे मला कापडात कळतं, जमिनीत कळत नाही! कासरा फक्त कडेनं फिरतो. मधल्या जमिनीला तो शिवतसुद्धा नाही.

म्हणजे चार ब्रास लागणार होती. मी दोन मागवली. दोन ब्रासमध्ये अर्धीच खोली होते.

म्हणजे ज्योतीरामनं —

पुढे लिहवत नाही.

शनिवार, ११ फेब्रुवारी

ज्योतीरामच्या दारात गेलो. गोजाबाई, त्याची बायको, भांडी पोत्यात भरत होती. गावात काम उरलं नाही. सोमवारी चाकणकडे निघायचं आहे. मी सगळं सांगितलं — चौकोन, धोतर, सगळं. हात जोडले. तो थापी फडक्यात गुंडाळत होता, ती गुंडाळून होईपर्यंत थांबला.

“मला कशापाई सांगताय? मला ठावंच हाय. ज्यांना सांगितलंसा त्यांना सांगा.”

तडक सोपानरावांकडे गेलो. ओसरीवर आठ-दहा जण होते. कोळशानं चौकोन काढून दाखवले. सोपानराव मान डोलवत राहिले, मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, अण्णा, तुमचं मन मोठं, गरिबाला पाठीशी घालताय. पण दोरी आमी डोळ्यांनी बघितलीया. सगळे हो म्हणाले. एक जण तर म्हणाला, त्या सभेसारखं बोलणं पुन्हा होणे नाही.

मी बोलत गेलो. जितकं बोललो तितका मी मोठ्या मनाचा ठरत गेलो.

रविवार, १२ फेब्रुवारी

पहाटे पुस्तकात खुणेसाठी घातलेली रेल्वेची पावती सापडली. फरशा नग पन्नास. कंदील घेऊन वाचनालयात गेलो. दहा-दहाच्या पाच ओळी. पन्नास. आठवडाभर खोलीत इतकी माणसं येऊन गेली, मी दहादा आलो, आणि एकानंही फरशा मोजल्या नव्हत्या.

आज सभा नाही. पावती दाराला खिळ्यानं ठोकली आणि खाली कोळशानं लिहिलं:

“ज्योतीराम उद्या गाव सोडतो आहे. त्याच्याबद्दल मी बोललो ते खोटं होतं. आज बोलतो आहे त्यावरही विश्वास ठेवू नका. आत या. फरशा मोजा.”