आतून सुटलेल्या गाठी

४ नोव्हेंबर

ही वही घेऊन सात महिने झाले आणि आज पहिलं पान उघडतोय. आळस, दुसरं काय! मधल्या काळात तीन गावं आणि चार नोकऱ्या झाल्या, त्यातली एक तर फक्त दुपारपर्यंत टिकली. पण या गावात मन रमेल असं वाटतंय. खोलीची खिडकी समुद्राकडे, काम बंदरावरच्या शेडमध्ये जाळी सांधायचं, आणि घरमालकीण अशी की सगळा गाव तिला मावशी म्हणतो. आल्या आल्या त्यांनी माझ्या पांढऱ्या शर्टाचं तुटलेलं बटण लाल दोऱ्यानं लावून दिलं. त्यांच्या मुलाचीही सगळी बटणं लाल दोऱ्याची, गर्दीत आपला ओळखू यावा म्हणून. तो वीस वर्षांपूर्वी बोटीवर नोकरीला गेला, अजून यायचाय. रोज त्याचंही ताट घेतात. दाराला कडी म्हणून लावत नाहीत.

९ नोव्हेंबर

गाठ बघून ती कोणाची ते इथे लगेच कळतं. मुकादम दुहेरी पीळ देतो. खोकल्या (दिवसभर खोकत असतो) दोऱ्याचं टोक लांब सोडतो. मी डावखुरा, माझी गाठ उलटी पडते. सकाळभर नवा गडी म्हणून माझी टर उडवत होते, गाठ बघितली आणि सगळे पाठ फिरवून कामाला लागले. शेडमधल्या लंगड्या मांजराबद्दल लिहायचं होतं, ते राहिलंच. तर मावशींना उलट्या गाठीचं सांगितलं, त्यांचे डोळे भरून आले. त्यांचा मुलगाही डावखुरा. बोटीवर जायच्या आधी याच शेडमध्ये होता.

१३ नोव्हेंबर

काल अर्धं टाकलेलं जाळं आज पुरं झालेलं. गाठी उलट्या. वाटलं, मीच करून विसरलो. पण माझा हात इतका सुबक नाही. आणि दोरा ओला होता, खारट. मांजर शेडमध्ये यायचं बंद झालंय.

१६ नोव्हेंबर

पुन्हा तेच. आज ओल्या उलट्या गाठींचा एक दोर मागच्या ढिगापर्यंत गेलेला. त्या ढिगाला हात लावायचा नाही, असं मुकादमानं बजावलं होतं. लावला. तळाशी जुनं जाळं, तोंड घट्ट बांधलेलं. दुहेरी पीळ. लांब टोक. पाच जणांच्या गाठी — पाचही रोज माझ्याबरोबर चहा पितात. आत शर्टाची चिंधी. एक बटण. लाल दोरा.

तीन गाठी सुटलेल्या. आतून.

१७ नोव्हेंबर

खोकल्याला बाजूला घेऊन विचारलं. आधी खोकला, मग रडला. हे पाचजण दुसऱ्यांची जाळी कापत होते, मावशींच्या पोरानं बघितलं, सांगेन म्हणाला. म्हणून जाळ्यात बांधून होडीमागे पाण्यात सोडला. नुसतं घाबरवायचं होतं म्हणे. दोर तुटला. आठ दिवसांनी जाळं किनाऱ्याला लागलं. जाळ्याची एक बाजू चिरून मढं काढलं आणि परत लांब समुद्रात सोडून आले. बाकी जाळं मात्र चांगलं होतं, टाकवेना.

मावशींना सांगितलं, बोटीवर नोकरीला गेला. तेव्हापासून दरवर्षी कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन मुलाची खुशाली सांगतं. तेवढंच तिला बरं वाटतं, म्हणाला.

१८ नोव्हेंबर

आज सांगणार होतो. जेवताना. त्या त्याच्या ताटावरची धूळ पदरानं पुसत होत्या —

नाही सांगवलं.

१९ नोव्हेंबर, दुपार

सांगितलं. चिंधी हातात दिली. रडल्या नाहीत. लाल दोऱ्यावरून बोट फिरवत बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "तीन सोडवल्या ना रे त्यानं? मग बाकीच्याही सोडवेल."

मी खोलीत येऊन सामान भरतोय. भरता भरता हे —

खाली पायरीवर पाणी ठिबकतंय. बाहेर लख्ख ऊन आहे. अनवाणी पावलं. सावकाश —

मावशी हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मला हाक मारतायत. कोमट पाणी आण म्हणतात, आणि फडकं. त्याच्या बोटांना फार लागलंय, एकही नख राहिलं नाही. तो आलाय. तो