रविवारचा पतंग

१९ नोव्हेंबर, मंगळवार

बबडीच्या बाबांना,
नमस्कार. इकडे सगळे ठीक. धाकट्याचा खोकला गेला. आईंच्या डोळ्यांत थेंब घालणं चालू आहे. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तुमची आई म्हणून कळवते, उपकार म्हणून नाही.

रविवारी आम्ही पतंग उडवला. बबडी मागे लागली म्हणून शुक्रवारीच पतंगाच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने विचारलं, "उडवणार कोण?" म्हटलं, सगळेच; पाच वर्षांचा आहे आणि पंच्याहत्तरीच्या बाईही आहेत. मी दोन दोऱ्यांच्या पतंगाकडे बघत होते. तो म्हणाला, "तो राहू द्या. त्यात एक जण उडवतो आणि बाकीचे बघत बसतात." मला हसू आलं. गेल्या वर्षी मुलांना भेटायला आलात तेव्हा तुम्ही तसलाच आणला होतात. दोन तास तुम्हीच उडवलात आणि बबडी पडलेला पतंग उचलून आणत राहिली. तिने एकदा मागितला, तर म्हणालात, "तुला झेपायचा नाही."

त्याने साधा त्रिकोणी कापडी पतंग दिला. लांब शेपटी, एकच जाड दोरी. मंद वाऱ्यातही चढतो, पळावं लागत नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, समोर कुणीतरी पतंग धरायचा, दोरी ताणली की सोडायचा. बबडीने धरला, मी दोरी ओढली, दुसऱ्याच खेपेला वर गेला. धाकट्याने पोटाशी दोरी धरून उडवला. आई घडीच्या खुर्चीवर बसून म्हणाल्या, "अगं, हा तर मलाच ओढतोय." किती महिन्यांनी हसल्या.

मग दोरी बबडीकडे देत त्यांनी विचारलं, "त्याचा फोन वगैरे आला होता का गं?"
मी म्हटलं, "नाही."

तुम्हाला माहीत आहे, आला होता. शनिवारी मी कामावर, चष्म्याच्या दुकानात, काचा पुसत होते. तुम्ही म्हणालात, "उद्या पाचला येतो, सगळे मिळून पतंग उडवू, आईला सांग." मी "बरं" म्हटलं आणि कुणालाच सांगितलं नाही. तीनलाच सगळ्यांना बाहेर काढलं. नेहमीच्या मैदानावर न जाता दोन बस बदलून टाकीमागच्या माळावर नेलं. आईंना तेवढी दगदग करायला लावली. घरी आलो तेव्हा सात वाजले होते.

सोमवारी कामाला निघाले तर खालच्या शिंपीकाकांनी हाक मारली. "साहेब दीड तास जिन्यावर बसले होते," म्हणाले आणि तुम्ही ठेवलेलं पुडकं हातात दिलं. उघडताना मला खात्री होती, पुन्हा तोच मिरवायचा पतंग असणार. नव्हता. आम्ही आणला तसलाच होता, एका दोरीचा. वर तुमच्या अक्षरात, 'आधी आई उडवेल, मग मुलं.'



संध्याकाळी आई म्हणाल्या, "त्याच्या खोलीत आता बबडीचं टेबल लाव. माझी वाट बघून झाली." दोन वर्षं तुमची ती खोली त्या झाडून पुसून ठेवत होत्या, आणि हे वाक्य ऐकायला मी टपून बसले होते. ऐकलं तेव्हा मात्र टेबल हलवायला उठले नाही. बबडी शांतपणे म्हणाली, "बाबा आपल्याला विसरलेच असतील." तुम्ही विसरला नव्हतात. त्या दोघींना तसं वाटायला मी लावलं.

तुम्ही घर सोडून गेलात त्याचा राग माझा आहे. तो मी त्यांच्या आडून काढायला नको होता. फोनवर हे बोलता आलं नसतं; तुम्ही मध्येच बोलला असतात आणि मला भांडायला निमित्त मिळालं असतं.

आज सकाळी मुलं शाळेत गेल्यावर हे सगळं आईंना सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दीड तास बसला म्हणजे काही खाल्लं नसेल." तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत.

बबडीला संध्याकाळी सांगेन. रविवारी या, वेळ तुम्ही आईंनाच कळवा. मला माफ करू नका. मीही तुम्हाला केलेलं नाही.

बबडीची आई